पठारावरच्या पावसात टिकणारा बटाटा: फळ धरण्यापासून निवडीपर्यंत

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर बटाटा लावणारे आम्ही सगळे बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, पंजाबातून आलेलं घेतो. मंचरला जालंधरकडच्या गोण्या उतरतात, पहिल्या चांगल्या पावसावर लागवड होते आणि श्रावणात धुकं उतरायला लागलं की पाठीवरचा पंप खाली ठेवायला सवड मिळत नाही. तिकडचं बेणं थंड हवेत, विषाणू पसरवणाऱ्या माव्याचा जोर नसताना वाढवलेलं असतं, म्हणून ते निरोगी असतं. पण बेणं निरोगी असणं वेगळं आणि वाणात रोग सोसायची ताकद असणं वेगळं. आपल्या पावसात, आपल्या करप्याच्या माऱ्यात उभं राहणारं वाण हवं असेल तर त्याची निवडही इथेच, ह्याच पावसात व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ही निवड घरच्या घरी, गुंठा-दीड गुंठ्यात कशी करायची ते मी इथे सांगते. मी स्वतः ज्या पद्धतीने करते तीच ही पद्धत.

बेणं लावून नवीन वाण मिळत नाही. कुफरी ज्योतीचं बेणं लावलं की ज्योतीच येते, गुणदोषांसकट. नवीन वाणासाठी बटाट्याच्या फुलाला फळ धरावं लागतं आणि त्या फळातलं बी पेरावं लागतं. ते फळ हिरव्या, लहान टोमॅटोसारखं दिसतं आणि विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात, प्रत्येकी १२ म्हणजे एकूण ४८. त्यामुळे एकाच फळातल्या शंभर बियांपासून शंभर वेगळी झाडं उगवतात. कुणी लवकर तयार होणारं, कुणी उशिरा, कुणी करप्याला पहिल्याच आठवड्यात बळी पडणारं. पण त्यातलं एक मनासारखं निघालं की त्याचे बटाटे लावून ते पुढे तसंच्या तसं वाढवता येतं. भात-गव्हात वाण स्थिर करायला पिढ्यान्‌पिढ्या जातात, बटाट्यात तो खटाटोप वाचतो. उरतो तो फक्त निवडीचा.

कोणत्या रोगासाठी निवड करायची

सगळ्याच रोगांवर वाण हे उत्तर नसतं, हे आधी समजून घ्या. उशिरा येणारा करपा, म्हणजे फायटोप्थोरा ह्या बुरशीसारख्या जीवाचा रोग, ह्यावर निवड हमखास फळते. कोळी आणि तुडतुडे ह्या रस शोषणाऱ्या किडींवरही बऱ्यापैकी फळते. कोळ्यामुळे शेंडे आखडतात, पानाची खालची बाजू तेलकट, तांबूस दिसते. आपल्याकडे त्याला तांबेरा म्हणतात. गव्हावरचा तांबेरा म्हणजे बुरशी, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, म्हणून बुरशीनाशक मारून हा जात नाही.

बांगडी रोगाच्या मागे मात्र घरगुती निवडीने लागू नका. हा रोग राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूचा. बटाटा आडवा कापला की आत तपकिरी कडं दिसतं. त्याला पूर्ण दाद न देणारं वाण जगातही दुर्मिळ आहे. जंगली आणि देशी जातींतून जी थोडी ताकद आणली गेली ती गरम हवेत टिकत नाही, शिवाय झाड वरून हिरवं दिसत असतानाही बटाट्यात जिवाणू लपून राहतो. मुद्दाम चाचणी घ्यायला गेलात तर शेत बाटवून बसाल. एखादं हिरवं झाड अचानक माना टाकताना दिसलं तर बुडाजवळून खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून धरा. काही मिनिटांत पांढऱ्या दोऱ्यासारखा स्राव खाली उतरला की समजा बांगडी आहे. ते झाड मातीसकट उचला, आणि त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं मका, ज्वारी, नाचणीसारखी पिकं घ्या. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची तिथे नको.

आई-बाप

एका बाजूला पठाराच्या हंगामात बसणारं वाण घ्या आणि दुसऱ्या बाजूला रोग सोसणारं. हंगामाच्या बाजूने माझी पसंती कुफरी सूर्याला. ते कुफरी लवकर आणि एलटी-१ ह्यांच्या संकरातून आलेलं आहे, उष्णता सोसतं आणि तुडतुड्यांनी पानं करपण्यालाही बऱ्यापैकी तोंड देतं. करप्याच्या बाजूने कुफरी हिमालिनी किंवा कुफरी गिरधारी. ही दोन्ही डोंगरी भागासाठी निघालेली वाणं, आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर उशीर करतात, पण बाप म्हणून चांगली. कोळी आणि तुडतुड्यांसाठी कुफरी लिमा. बेणं थोडंच लागतं, पण खात्रीचं, नावानिशी मिळालेलं हवं. बाजारातल्या गोणीतला बटाटा कोणत्या वाणाचा हे सांगणारा व्यापारी प्रामाणिक असला तरी त्याच्या मागचा मागचा माणूस काय बोलला होता हे आपल्याला कळत नाही.

एक हिशेब लक्षात ठेवा. रोग रोखणारं जनुक बापाकडे चारपैकी एकाच संचात असेल तर साधारण निम्म्या रोपांत ते उतरतं. म्हणून एका संकरातून शंभर-दीडशे रोपं केली तरी बघण्यासारखं बरंच मिळतं. दहा रोपांवर वाण शोधायला बसू नका.

फूल आणि फळ

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. बटाट्याला फुलायला मोठा दिवस आणि थंड रात्र लागते, म्हणून तर देशातलं संकराचं मुख्य काम सिमल्याजवळच्या कुफरीला चालतं आणि वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागतं. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वा तेरा तासांच्या आसपास. रब्बीत तर फूल दिसेल ह्याची आशाच सोडा. खरिपात पठारावर काही वाणं फुलतात, पण कळ्या गळतात फार.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, उजेड. कुंड्या पडवीत ठेवा आणि सूर्य मावळल्यावर साधा एलईडी दिवा लावून दिवस सोळा तासांचा करा. कोथरूडच्या बाल्कनीतही हे जमतं. दुसरा, झाडाला बटाटे धरू न देणं. कुंडीत अर्धी वीट ठेवून तिच्यावर बेणं ठेवा, भोवती माती-वाळू भरा. मुळं विटेच्या कडेने खाली गेली की वरची माती पाण्याच्या धारेने धुऊन काढा आणि बटाटे धरणारे पांढरे फुटवे खुडत राहा. खाली साठवायला जागा उरली नाही की झाड फुलांकडे वळतं. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो: टोमॅटोच्या रोपावर बटाट्याच्या शेंड्याचं कलम. टोमॅटोचं खोड पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक असताना आडवं कापा, मधोमध उभी चीर द्या, बटाट्याचा शेंडा पाचरीसारखा तासून त्यात बसवा, कलमाची क्लिप लावा आणि आठवडाभर पॉलिथिनच्या पिशवीखाली सावलीत ठेवा. टोमॅटोच्या मुळांना बटाटे लागतच नाहीत, त्यामुळे फुलं टिकतात. नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोची रोपं करणाऱ्या नर्सऱ्या आहेत, क्लिपा आणि ट्रे तिकडे मिळतात.

आता संकर. बटाट्याच्या फुलात पाच पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून शंकू करतात आणि मधून स्त्रीकेसराचं टोक बाहेर डोकावतं. पराग शंकूच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून पडतो. बाप-झाडाची नुकती उमललेली फुलं सकाळी तोडा, परागकोश सुटे करून रात्रभर कागदावर सुकवा आणि दुसऱ्या दिवशी लहान बाटलीत घालून टिचक्या मारा. तळाशी फिकट पिवळी भुकटी जमली पाहिजे. काळ्या कागदावर आपटून काहीच पडलं नाही तर ते वाण बाप म्हणून निरुपयोगी आहे, त्याला आई करा. बटाट्याच्या बऱ्याच वाणांत पराग वांझ असतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. सुकलेला पराग फ्रिजमध्ये आठवडाभर चालतो.

आई-झाडावर उद्या उमलेल अशी टपोरी कळी निवडा. पाकळ्या चिमट्याने हलक्या बाजूला करून पाचही परागकोश काढून टाका, मधल्या दांड्याला धक्का लावू नका. एका गुच्छात पाच-सहाच कळ्या ठेवा, बाकीच्या खुडा. सकाळी नऊच्या आत बोटाच्या नखावर पराग घेऊन टोकाला लावा, दुसऱ्या सकाळी पुन्हा लावा. दोरा बांधून चिठ्ठीवर आई, बाप, तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा, पावसात शाई धुऊन जाते. आठवड्याभरात देठ जाड झाला तर फळ धरलं. नाहीतर देठाच्या सांध्याशी फूल गळून पडतं. दहा फुलांतलं एक टिकलं तरी मन लावून पुढे जा, कारण एका चांगल्या फळात शंभर-दोनशे बिया असतात.

फळ तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. ते आपोआप गळतं, म्हणून आधीच त्यावर मलमलची पिशवी बांधा. मऊ झालं की कुस्करून पाण्यात एक दिवस ठेवा, टोमॅटोच्या बियांसारखं धुवा, कागदावर सावलीत वाळवा. बहुतेक विषाणू बटाट्यातून पुढे जातात पण ह्या बियातून उतरत नाहीत, त्यामुळे हाती येतं ते जवळजवळ कोरं, स्वच्छ सामान.

रोपं

ताजं बी काही महिने झोपलेलं असतं. जिबरेलिक अ‍ॅसिडच्या १५०० पीपीएम द्रावणात २४ तास भिजवलं की उगवतं. द्राक्षबागायतदार वापरतात तेच, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. १५० मिलिग्रॅम आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून १०० मिलिलिटर पाणी करा. दिवाळीच्या सुमारास कोकोपीट आणि चाळलेल्या शेणखताच्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत उगवतं. महिना-सव्वा महिन्यात रोपं वाफ्यात किंवा पिशव्यांत लावा आणि नायलॉनच्या जाळीखाली ठेवा. मार्चमध्ये प्रत्येक रोपाखाली बारीक बारीक बटाटे मिळतात. प्रत्येक रोपाचे बटाटे वेगळ्या कागदी पिशवीत, नंबर घालून ठेवा. ह्या वर्षी उत्पन्नावरून कुणालाही बाद करू नका, रोपाच्या वर्षीचं उत्पन्न फसवं असतं. विद्रूप, लांब शेपट्यांचे, आत पोकळ एवढेच काढा. पावसाळ्यापर्यंत हवेशीर, अंधुक उजेडाच्या जागी पसरून ठेवलेत की जूनपर्यंत कोंब येतात.

खरिपातली परीक्षा

सगळं काम ह्या तीन महिन्यांसाठी आहे. प्रत्येक नंबरचे तीन-चार बटाटे लावा, जमलं तर दोन ठिकाणी, कारण शेताच्या खोलगट कोपऱ्यात ओल जास्त टिकते आणि तिथलं झाड उगाच जास्त आजारी दिसतं. दर चार-पाच ओळींनंतर एक ओळ कुफरी चंद्रमुखीची घाला. तिला करपा हमखास आणि लवकर लागतो, ती रोग सगळीकडे सारखा पसरवते. आणि ह्या तुकड्यावर बुरशीनाशक अजिबात मारायचं नाही.

माझे दीर एकदा बांधावरून म्हणाले, “वहिनी, ह्या कोपऱ्यात औषध मारायचं राहिलंय बघा.” मी म्हटलं, “राहिलं नाही भाऊजी, मुद्दाम सोडलंय. हितं कोण मरतंय अन् कोण जगतंय तेच बघायचंय.” त्यांना पटायला वेळ लागला, आणि त्यांची काळजी रास्तच होती. फवारणी न केलेला तुकडा शेजाऱ्याच्या पिकाला धोका असतो. म्हणून तुकडा लहान ठेवा, शेजाऱ्यांच्या बटाट्यापासून लांब, भोवती मक्याच्या दाट ओळी लावा, त्यांना आधी सांगा, आणि चंद्रमुखी पूर्ण करपली की तिचा पाला कापून खड्ड्यात गाडा. ह्यात हयगय करणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

धुकं आणि झड दोन-चार दिवस सलग राहिली की बघायला लागा. उशिरा येणाऱ्या करप्याचे डाग पानाच्या कडेने पाणी मुरल्यासारखे काळपट दिसतात आणि सकाळी पान उलटलं तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. लवकर येणाऱ्या करप्याचे डाग कोरडे, एकात एक वर्तुळं असलेले. वहीत दोन्ही वेगळे लिहा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, प्रत्येक नंबरचा किती टक्के पाला गेला ते लिहा: ०, १, ५, १०, २५, ५०, ७५, १००. एवढे टप्पे पुरतात. समजा एका नंबरचे पाच आठवड्यांचे आकडे ०, ०, ५, ५०, १०० आले आणि दुसऱ्याचे १, ५, १०, २५, ५०. पहिले तीन आठवडे पहिला नंबर जास्त बरा दिसत होता. पण बेरीज करा: पहिल्याची १५५, दुसऱ्याची ९१. ठेवायचा तो दुसरा. रोग लागला, पण त्याने रोगाला रेंगाळत ठेवलं, आणि तेवढ्या वेळात खाली बटाटा पोसला जातो.

मग ०, ०, ०, ०, ० असा स्वच्छ नंबर आला तर? सगळ्यांचे डोळे तिकडेच जातात. माझं म्हणणं, त्याला जपा, पुढच्या संकरात बाप म्हणून वापरा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर शेत लावू नका. अशी पूर्ण रोधकता बहुतेकदा एखाद-दुसऱ्या जनुकावर उभी असते. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम ह्या जंगली जातीतून अशी अकरा जनुकं ओळखली गेली, जगभरच्या वाणांत घातली गेली, आणि करप्याच्या नव्या जातींनी त्यांना एकेक करून ओलांडलं. आपली कुफरी ज्योती १९६८ साली आली तेव्हा करप्याला दाद देत नव्हती. आज तिच्यावर किती फवारण्या होतात ते पठारावरच्या कुणालाही विचारा. उलट मेक्सिकोच्याच तोलुका खोऱ्यात, जिथे दर पावसाळ्यात करपा येतोच, तिथे जॉन नीडरहाउझर ह्यांनी उघड्या शेतात हळूहळू आजारी पडणारी झाडं निवडली. त्या कामासाठी त्यांना १९९० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यासारखं खोरं आपल्याकडे नाही, पण श्रावणातलं पठार काही कमी नाही.

एका गोष्टीने मात्र भले भले फसतात. उशिरा तयार होणारं झाड नेहमीच जास्त निरोगी दिसतं, कारण कोवळा पाला करप्याशी जास्त वेळ झुंजतो. आपला खरीप जेमतेम ऐंशी-नव्वद दिवसांचा. एकशे वीस दिवस हिरवंगार राहून खाली बोराएवढे बटाटे देणाऱ्या झाडाचा उपयोग नाही. म्हणून करप्याची बेरीज आणि नव्वदाव्या दिवशीचं वजन शेजारी शेजारी लिहा, आणि तुलना एकाच वेळी पक्व होणाऱ्यांतच करा. काढणीला प्रत्येक झाड वेगळं खणा, त्याचे बटाटे त्याच्याच खळग्यापाशी ठेवा, सगळी ओळ खणून झाल्यावर मग चालत जाऊन निवडा.

पाकोळी आणि आरण

बटाट्याची पाकोळी, म्हणजे जिची अळी बटाटा पोखरते तो पतंग, १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरली आणि आरणीत, म्हणजे बटाटे साठवायच्या झाकलेल्या ढिगात, घुसून बसली. तिच्याविरुद्ध पक्कं वाण मागू नका, झाडाची ठेवण निवडा. ज्याचे बटाटे वरंब्यात खोल आणि खोडाजवळ धरतात, उघडे पडत नाहीत, त्याला पाकोळी कमी लागते, कारण ती अंडी घालते डोळ्यांपाशी आणि त्यासाठी तिला बटाट्यापर्यंत पोहोचावं लागतं. मातीची भर लावल्यावरही कोणत्या नंबरचे बटाटे हिरवे झाले ते काढणीला मोजा, ते बाद. मग प्रत्येक नंबरचे दहा बटाटे आरणीशेजारी उघड्या टोपलीत महिनाभर ठेवा आणि किती डोळ्यांपाशी काळी विष्ठा दिसते ते मोजा. हे बटाटे नंतर जाळा किंवा खोल गाडा.

उरलेल्यांची चव घ्या, आणि ही पायरी कधीही गाळू नका. बटाट्याच्या झाडात कीड-रोगांना परतवणारी कडू द्रव्यं असतात, आणि सोसणाऱ्या झाडांच्या मागे लागताना ती नकळत वाढू शकतात. अमेरिकेत १९६७ साली आलेलं लेनापे नावाचं वाण ह्याच कारणाने १९७० मध्ये मागे घ्यावं लागलं. १०० ग्रॅम ताज्या बटाट्यात २० मिलिग्रॅम ही त्यांची सुरक्षित मर्यादा मानतात. साल न काढता उकडा, मीठ न घालता लहानसा घास चाखा. कडवट लागला किंवा घशाशी खवखवलं तर थुंकून टाका आणि तो नंबर कितीही निरोगी असला तरी काढून टाका. चांगला वाटलेला नंबर शेवटी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

पहिल्या खरिपातून दहातला एक नंबर पुढे गेला तरी पुरे. दुसऱ्या वर्षी त्यांची पूर्ण ओळ, तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावात एखाद्याच्या शेतात, कारण पाऊस दर वर्षी आणि दर शिवारात वेगळा पडतो. सरकारी वाण बाहेर पडायलाही दहा-बारा वर्षं लागतात, तेव्हा घाई नको. दर वर्षी प्रत्येक नंबरचे थोडे बटाटे जाळीखाली वेगळे वाढवा, त्याला उघड्या शेतातलं बेणं कधी मिसळू नका. नाहीतर मावा आणि पांढऱ्या माशीने आणलेले विषाणू साचत जातात आणि चांगलं वाण बिघडलं असं वाटून लोक ते टाकून देतात. पाच-सहा नंबर उरले की पुण्यातल्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत त्यांचं स्वच्छ रोप करून घेणं परवडतं.

कायद्याने ह्यात अडचण नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं, आणि ब्रँड न लावता बेणं ठेवता, देता, विकता येतं. शेजाऱ्याला बेणं द्याल तेव्हा पिशवीत आई-बापाची नावं, करप्याच्या आठवड्यांचे आकडे, किती दिवसांत तयार होतं आणि कोणता रोग त्याला सोसत नाही हे लिहिलेला कागद घाला. त्याच्या शेतातले आकडे दसऱ्यानंतर मागून घ्या आणि आपल्या वहीत त्याच नंबरखाली उतरवा.